तेल बघून खोली देणारे अप्पा

उदगीरला खोली शोधत फिरत होतो तेव्हा घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणेरावळे किती येतात. मी नुकताच तिथल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागलो होतो, कंत्राटी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारतासुद्धा सांगतो. त्यामुळं "शिक्षण काय?" या प्रश्नाची मी दर दारात वाट बघायचो.

अप्पांनी तो विचारलाच नाही. ते ओट्यावरून उठले, माझ्याकडं न बघता माझ्या मोटारसायकलकडं गेले आणि तिच्यापुढं उकिडवे बसले.

"बंद करून किती येळ झाला?"

"आत्ताच आलो की."

"मग थांबा. तेल खाली बसू द्या."

आम्ही दोघं थांबलो. अप्पा इंजिनाकडं बघत होते, मी खोलीकडं. मग त्यांनी इंजिनाच्या तेलाचं झाकण फिरवून काढलं. त्या झाकणालाच खाली तेल मोजायची दांडी असते. ती त्यांनी आपल्या पांढऱ्याफेक धोतराला पुसली, परत आत बुडवली, परत काढली, उन्हात धरली. टोकाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळला, हुंगला आणि डोळे मिटले.

"लई काळं हाय."

"बदलायचं राहिलंय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"कोनच्या दिवाळीपासून?"

मी जरा घुटमळलो आणि खरं ते सांगितलं, "मागच्याच्या मागच्या."

अप्पांनी मान वळवून घरात आवाज दिला, "अगं ए, खोलीची किल्ली आन. माणूस खरं बोलून राहिला!"

माझ्याआधी एक विमा एजंट ती खोली बघून गेला होता. त्याच्या गाडीतलं तेल नवंकोरं होतं, तरी अप्पांनी त्याला हाकललं. का, तर "गाडी निळा धूर सोडून राहिली आन तेल नवं? म्हंजे मला दाखवायला बदललंय. असला माणूस टाकीतलं पाणी बी रातून उपसंल."

अप्पांचं नाव मी भाडेपावतीवर वाचलं असेल, पण ते नाव घेऊन त्यांना हाक मारणारा कुणी मला भेटला नाही. साऱ्या गल्लीचे ते अप्पा आणि त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणायचे. अप्पा उंच, वाळलेले. गळ्यात लिंग, खांद्यावर उपरणं, कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे आणि उजव्या मांडीवर धोतराला इंजिन ऑइलचे तीन काळे पट्टे. कारण रोज सकाळी पूजा आटोपली की ते भाडेकरूंच्या सगळ्या गाड्यांच्या दांड्या काढून बघायचे आणि तिथंच पुसायचे. अव्वा म्हणायच्या, "वरले शिवाचे, खालले शनीचे."

शनीचे पट्टे कशानं निघत नाहीत. अव्वांनी सोडा लावून बघितला, रॉकेल लावून बघितलं. मी केमिस्ट्रीचा म्हणून एकदा मलाही विचारलं. मी सांगितलेल्या उपायानं तेवढ्या जागेचं धोतरच निघालं. तेव्हापासून अव्वा माझ्या शिक्षणाबद्दल काही बोलत नसत.

हे वेड अप्पांना आलं कुठून, ते समजायला त्यांचा घाणा माहीत पाहिजे. आमच्या गाड्या जिथं उभ्या राहायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी करडईच्या तेलाचा घाणा होता. अप्पांच्या वडिलांनी घातलेला. कर्नाटकातनं लोक डबे घेऊन यायचे. तळहातावर थेंब चोळून अप्पा सांगायचे, करडई काळ्या रानातली की मुरमाड. पुढं पुड्यांतलं तेल आलं, घाणा बसला. घाणा बसला पण अप्पांचं नाक आणि तळहात बसायला तयार नव्हते. त्यांना रोज काहीतरी चोळायला आणि हुंगायला लागायचं. त्यात शेडमध्ये भाडेकरूंच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पोटात तेल.

आमच्यात एक बँकेतले होते. त्यांना हा प्रकार आवडायचा नाही. त्यांनी गाडीवर जाड कापड घालून त्याला साखळी लावली. अप्पा दोन दिवस त्या गाडीभोवती नुसते फिरले. तिसऱ्या दिवशी बँकवाल्यांना म्हणाले, "साहेब, जो बीपी तपासू देत न्हाई, त्याला बीपी असतंयच." बँकवाले घाबरले. गाडी राहू द्या, त्यांनी स्वतःचंच बीपी तपासून घेतलं. निघालं. तेव्हापासून ते साखळीची किल्ली अप्पांकडंच ठेवून बँकेत जायचे, चालत.

प्रत्येक गाडीची तबियत वेगळी, हा अप्पांचा सिद्धांत. बँकवाल्यांची जड, ढबढब आवाजाची गाडी कफाची. तिला पातळ तेल पाहिजे. माझी शंभर सीसीची वाताची. "बगा की, उभ्या उभ्या कापती." तिला जरा दाट, पोटात राहणारं. गल्लीत एक तरुण लाल गाडी घेऊन जोरात जायचा. ती पित्ताची. तिच्यासाठी अप्पांकडं तेल नव्हतं, फक्त सल्ला होता, "सावलीत लाव."

नवं तेल आणलं की ते आधी डब्याचं झाकण उघडून हुंगणार, मग तळहातावर थेंब घेऊन तो तिरका करून ओघळ बघणार, आणि मी दुसरीकडं बघतोय असं वाटलं की जिभेच्या टोकाला लावणार. मग थू थू करत नळावर. "अप्पा, विष असतंय ते!" मी ओरडायचो. "गिळलं न्हाई. इचारलं फकस्त."

मी पडलो पुस्तकी माणूस. आमच्या घरात कुठल्याही यंत्राबरोबर येणारं पुस्तक वाचू शकणारा मी पहिलाच, म्हणून मी ती सगळी वाचतो. गाडीचं पुस्तक मी अप्पांपुढं उघडून ठेवलं. "हे बघा, कंपनी सांगते, टेन डब्ल्यू थर्टी घाला."

"हे डब्ल्यू काय असतंय?"

"विंटर. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम झाल्यावरचा."

अप्पांनी पुस्तक मिटलं. "सर, उदगीरात विंटर किती दिवस असतंय?"

"असतं की, थोडं."

"ते थोडे दिवस गाडी घरी ठेवा. उरलेल्या वर्षाला हे पुस्तक लागूच न्हाई."

मी त्यांना दाटपणा म्हणजे काय, तो तापमानानं कसा बदलतो, ते काळ्या फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लिहिनाऱ्यानं कवा तळहातावर घेतलंय का?" माझ्या सरांनीसुद्धा कधी घेतलं नसावं.

एकदा माझ्यासाठी तेल घ्यायला ते माझ्याबरोबर स्पेअर पार्टच्या दुकानात आले. दुकानावर तरुण मालक होता. अप्पांनी डबा निवडला, खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात त्या तरुणापुढं धरला. तरुण त्या उपरण्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "सर, काकांना काय लागलंय का?"

धान्याच्या आडतीत पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी आणि आडत्या कापडाखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून सौदा करायचे. अमुक बोटं धरली की अमुक आकडा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळायचं नाही. बाहेर दोघांचे चेहरे कोरे. आणि कापडाखाली एकदा सौदा तुटला, म्हणजे पक्का झाला, की झाला. त्यात फिरणारा माणूस बाजारात परत तोंड दाखवू शकत नसे. अप्पांच्या हिशोबानं तेल विकत घ्यायची ही एकच इज्जतीची रीत होती.

तेवढ्यात दुकानाच्या आतल्या अंगाला पेपर वाचत बसलेले त्या तरुणाचे वडील ताडकन उठले. पेपर टाकला, बाही वर केली आणि हात उपरण्याखाली घातला. मग दोघं म्हातारे समोरासमोर उभे. गिऱ्हाइकं थांबली, एक रिक्षावाला ब्रेक वायर घ्यायला आलेला विसरून गेला. उपरणं मधूनच हलायचं. अप्पा छताकडं बघत होते, दुकानवाले म्हातारे रस्त्याकडं. बराच वेळ गेला. शेवटी दोघांनी एकदम मान हलवली.

"तुटला!"

तुटला तो डब्यावर छापलेल्याच किमतीला. पण बाहेर पडताना अप्पांचा चेहरा असा होता की घाणा परत सुरू झालाय.

अप्पांच्या देवघरात, नंदीच्या मागं, एक बंद डबा होता. हैदराबादच्या जावयानं दिलेला. जावयाची गाडी भारीतली, चारचाकी, त्यातलं उरलेलं तेल. अप्पा कधीमधी तो डबा उघडून एक थेंब तळहातावर घ्यायचे. मधासारखा रंग. हात तिरका करायच्या आत तो थेंब मनगटापार गेलेला असायचा. "सर, उभ्या जन्मात असं सुळसुळीत तेल बगितलं न्हाई. घाण्याला आसलं निघालं आसतं तर पुडीवाल्याची काय टाप होती?" ते तेल कुणाच्या गाडीत घालायचं नाही, ते नुसतं असू द्यायचं, असं ठरलेलं होतं.

ते बाहेर निघालं माझ्यामुळं.

मला तोवर तीन स्थळांनी नाकारलं होतं. सगळं पसंत पडायचं, आणि "कंत्राटी" हा शब्द आला की पुढचा फोन यायचा नाही. आई फोनवर रडायची, दादा म्हणजे माझे वडील काही बोलायचेच नाहीत, ते जास्त लागायचं. चौथं स्थळ देगलूरचं. मुलगी बी.एस्सी. झालेली, वडील धान्याचे आडते. फोनवर एकदा बोलणं झालं तेव्हा मी तयारीत होतो की आता पगार विचारेल. तिनं विचारलं, "तुमची गाडी मायलेज किती देते?" मी खरं सांगितलं, दोन दिवाळ्यांच्या तेलासकट. ती इतकी हसली की मला ते स्थळ जुळावं असं फार वाटायला लागलं. इतकं पूर्वी कुठल्याच स्थळाबद्दल वाटलं नव्हतं.

तिच्या वडिलांची अट एकच. त्या बाजूला राहुकाळ, म्हणजे रोजची अशुभ वेळ, कडक पाळतात. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत उंबऱ्याच्या आत या. नाही जमलं तर येऊच नका, म्हणजे आम्ही समजून घेऊ. आई, दादा आणि मामा नायगावकडून एसटीनं परस्पर जाणार होते. मी उदगीरहून. वडीलधारं माणूस सोबत पाहिजे म्हणून अप्पा.

"एसटीनं जाऊ," मी म्हटलं.

"खुळे का काय? एसटीतून उतरलेला नवरदेव म्हंजे भाजी घ्यायला आलेला दिसतोय. गाडीवर जायचं."

रविवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर अप्पा माझ्या गाडीपाशी हात जोडून उभे. जुनं तेल परातीत काढलेलं, नंदीमागचा डबा अर्धा झालेला.

"अप्पा! ते घातलं?"

"सर, आज न्हाई घालायचं तर कवा? तुमचं काम आसं सुळकन झालं पायजे."

देवघरातलं तेल होतं. मला नाही म्हणवलं नाही. अव्वांनी अप्पांना नवं धोतर आणि जरीकाठी उपरणं दिलं, आणि सगळ्यांदेखत तंबी दिली, "आज धोतराला बोट पुसलं ना, तर घरात घेनार न्हाई. तिकडंच देगलूरला ऱ्हावा."

जेवून दुपारी निघालो. सुरुवातीला गाडी अशी गेली की मला तिची ओळखच पटेना. कापणं नाही, कुरकुर नाही. रस्त्याच्या कडेला एका तुकड्यात करडई फुललेली होती. अप्पांनी मागून माझा खांदा दाबला. "कसं वाटून राहिलं?"

"लोण्यावानी."

"मग! तुमचं पुस्तक काय म्हनतंय?"

पुस्तक काय म्हणतंय ते पहिल्या चढाला कळलं. मी गिअर पाडला, मूठ पिळली. इंजिन भॉऽऽ करून ओरडलं आणि गाडी जागच्या जागी मंद व्हायला लागली.

"आवाज बगा की!" अप्पा मागून ओरडले. "वाघ!"

"अप्पा, वाघ जागेवरच हाय!"

एक शेळ्यांचा कळप आमच्या बाजूनं वर निघून गेला. कळपामागच्या बाईनं वळून विचारलं, "पेट्रोल न्हाई का?" अप्पा उतरले. तसा गाडीनं जीव धरला आणि मी एकटा वर पोचलो. अप्पा धोतर दोन्ही हातांनी धरून मागून पळत आले, बसले, आम्ही उतार उतरलो. पुढचा चढ. परत अप्पा खाली, मी वर, अप्पा पळत. चढ देगलूरच्या बाजूला काही फार नाहीत, पण अप्पांचं वय बघता पुष्कळ होते.

तिसऱ्या का चौथ्या चढाच्या पायथ्याशी अप्पांनी निदान केलं, "तेल कमी पडलंय." उरलेला डबा त्यांनी पिशवीत आणलेला होता. नरसाळं नव्हतं. त्यांनी ओंजळीतून ओतलं. निम्मं आत गेलं, निम्मं मनगटापर्यंत हातावर. पुसायला त्यांचा हात सवयीनं मांडीकडं गेला आणि अव्वांची आठवण येऊन वरच्यावर थांबला. उपरणं तर जरीकाठी. तेव्हापासून अप्पा दोन्ही हात वर धरून बसले. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, आशीर्वाद देऊन राहिलेत.

गाडी आता सपाटीवरसुद्धा नुसती ओरडायला लागली. मी बाजूला घेतली आणि तेव्हा मला पुस्तकाचं ते पान डोळ्यांपुढं आलं. फक्त मोटारसायकलचंच तेल वापरा. ठळक अक्षरात. मी अप्पांना समजावून सांगितलं. चारचाकीचा क्लच इंजिनाच्या तेलात नसतो, वेगळा, कोरडा असतो. आपल्या गाडीत क्लचच्या चकत्या इंजिनाच्याच तेलात भिजत असतात, आणि त्यांना एकमेकींना धरून राहायचं असतं, तरच चाक फिरतं. चारचाकीसाठी मुद्दाम सुळसुळीत केलेलं तेल घातलं की चकत्या एकमेकींवरून घसरतात. इंजिन फिरतं, चाक नाही.

अप्पांनी दोन्ही हात वर धरूनच विचार केला.

"म्हंजे तेल वाईट न्हाई."

"तेल फार चांगलंय अप्पा. तेच झालंय."

"धरून ऱ्हायला पायजे म्हनता."

"हाव."

"हे डब्यावर लिवायला पायजे होतं."

"लिहिलंय अप्पा. कार म्हणून."

अप्पांनी रिकाम्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "सर, तुमी गाडी धरा. मी ढकलतो. आज तुमचं लगीन मोडलं तर मी परत कुनाची दांडी काढनार न्हाई." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला लग्नापेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

देगलुरात आम्ही पोचलो ते असे. पुढं मी हॅंडल धरून पळतोय, कपाळावरचा भांग विस्कटलेला, मागं अप्पा दोन्ही कोपरांनी गाडी ढकलतायत, कारण तळहात घसरत होते, आणि प्रत्येक ढकलण्याला "हर हर महादेव!" गल्लीतली माणसं दारात आली. एका खिडकीत फोटोत बघितलेली, फोनवर हसलेली मुलगी दिसली. आता हसत नव्हती, तोंडावर पदर धरला होता. खांदे हलत होते.

दारात तिचे वडील. आडते म्हणून शोभणारा माणूस, पांढरा सदरा, कपाळावर विभूती. त्यांनी आम्हाला बघितलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"लागला राहुकाळ," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पाच मिनिटं झाली. आता काय करता?"

त्यांच्या मागं ओसरीत आई, दादा आणि मामा बसलेले. आई पदराशी चाळा करायला लागली. दादा जमिनीकडं बघत होते. शेजारी कडेला गोळा झालेले. मी तोंड उघडलं, पण पळून पळून घसा कोरडा पडला होता. शब्द निघेना. आणि निघाला असता तरी काय सांगणार होतो? क्लच प्लेट?

तेवढ्यात अप्पा पुढं झाले. धापा टाकत होते, विभूती घामानं नाकावर आलेली. "शरणार्थी," असा लिंगायती नमस्कार करून त्यांनी मान लववली. मग दातांनी खांद्यावरचं जरीकाठी उपरणं ओढलं, उजव्या हातावर पडू दिलं आणि तो झाकलेला हात आडत्यांपुढं धरला.

शेजारी दोन पावलं पुढं सरकले.

आडत्यांनी त्या उपरण्याकडं बघितलं. मला वाटतं, ती त्यांच्या हाताची आयुष्यभराची सवय. डोकं काही ठरवायच्या आत हातच पुढं आला आणि कापडाखाली गेला.

उपरणं हललं. आडत्यांच्या कपाळाला आठी पडली. उपरणं परत हललं. अप्पा आभाळाकडं बघत होते. आडते अप्पांकडं बघत होते, जे सौद्यात कधी करत नाहीत. मग परत एकदा हललं, जरा जोरात. आई देवाचं नाव घेत होती ते मला ऐकू येत होतं.

"कबूल," आडते म्हणाले. हात बाहेर काढून तो पाठीमागं नेला आणि घराकडं वळून आवाज दिला, "चहा टाका. पाहुणे आत येऊन राहिले."

आत बसल्यावर सगळं रीतीनं झालं. मुलगी चहा घेऊन आली. मामा म्हणाले, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आज मायलेज किती पडलं?"

"ढकललेलं धरायचं का?" मी विचारलं.

स्थळ जुळलं. माझ्या कंत्राटाबद्दल तिच्या वडिलांनी अवाक्षर काढलं नाही. अप्पांनी परतीच्या वाटेवर, टेम्पोत गाडीशेजारी बसून, एवढंच सांगितलं, "कापडाखालचं बाहेर बोलायचं नसतंय."

घरी अव्वांनी धोतर तपासलं. कोरं होतं. मग उपरणं उलटं केलं. आतल्या बाजूला पाच बोटांचे पिवळट डाग आणि त्यांच्यात गुंतलेले आणखी पाच. अव्वांनी ते धुतलं नाही. आमच्या लग्नात आहेरात दिलं, तसंच, घडी घालून.

आमच्या मुलीच्या बारशाला सासरे रंगात होते. मी धीर करून त्यांना विचारलं, "मामंजी, त्या दिवशी कापडाखाली काय ठरलं होतं?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "कुणाला सांगनार न्हाई?"

"न्हाई."

"मला काय बी कळलं न्हाई जावईबापू. त्यांचा हात तेलानं माखलेला. बोट धराया जावं तर सुळकन निसटून जाई. एक धरलं, दोन धरली, का चार, काय थांगच लागंना. आता इतकी वर्षं बाजारात काढलेला मानूस, गल्लीसमोर न्हाई कळलं म्हनू कसं? इज्जतीचा सवाल. म्हनलं, कबूल. आन एकदा कबूल म्हनलं की..." त्यांनी हात झटकला. त्या आठवणीनं अजून तो तेलकट होत असावा.

अप्पा आता हैदराबादला लेकीकडं असतात. मोठी इमारत, खाली गाड्याच गाड्या. वॉचमन सांगत होता, आजोबा सकाळी पूजा झाली की खाली येतात, बॉनेट उघडा म्हणतात. निम्मे लोक उघडतातसुद्धा. गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेलो. धोतराला तीन पट्टे होतेच. मी त्यांना सासऱ्यांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, मी कुणाला सांगणार नाही असं म्हटलेलं असूनसुद्धा, कारण मला दुसरी बाजू पाहिजे होती.

"अप्पा, तुम्ही मागितलं काय होतं?"

अप्पा आधी माझ्या बायकोकडं बघून लाजले. मग म्हणाले, "कुनाला बोललो न्हाई. सर, एवढे चढ पळून आलो होतो, घसा सुकून चाललेला, तुमचा बी. आता सोयऱ्याच्या दारात, चारचौघांत, आत घ्यायच्या आधी पानी मागायचं म्हंजे कसं दिसतंय? म्हून झाकून मागितलं. दोन बोटं धरली. दोन तांबे पानी."

"आणि?"

"आन काय? त्यांनी पोरगी दिली." अप्पांनी मान हलवली. त्यांची अजून त्याबद्दल तक्रार होती. "पानी दिलंच न्हाई. डायरेक्ट चाच आला."